संग्रहालयाच्या भिंतीवरचे बैल

चांदा जिल्हा अजून मध्यप्रदेशात होता तेव्हाची गोष्ट. नागपूरला मी इमारतींचे नकाशे काढायला शिकत होतो आणि शेवटच्या परीक्षेत एकदा आपटलो होतो. दुसऱ्या खेपेला विषय आला, मोठ्या शहरातलं आधुनिक चित्रांचं संग्रहालय. आधुनिक चित्रं मी तोवर फक्त मासिकात पाहिली होती, तीही बहुतेक उलटी धरून. या वेळी नापास झालो तर बाबा मला ब्रह्मपुरीच्या लाकडाच्या टालावर कामाला बसवणार होते. टालवाल्याशी बोलणंही झालं होतं.

परीक्षेला न्यायचा नमुना मी सुट्टीत गावीच केला. सांगाडा बांबूच्या कामट्यांचा, भिंती पुठ्ठ्याच्या. उजेड सगळा छतातून यायचा, म्हणून बाहेरच्या भिंतींना एकही खिडकी नव्हती, आणि या कल्पनेवर मी भलताच खूश होतो. पुठ्ठ्याचे सांधे मात्र काही केल्या लपेनात.

"आण इकडं," माय म्हणाली. "पांढऱ्या मातीनं पोतारून टाकू."

मी नकाशांना शाई भरत बसलो. संध्याकाळी पाहतो तर माझ्या पांढऱ्याशुभ्र भिंतींवर गेरूचे बैल, मोर आणि दमणी-गाड्यांतून निघालेलं अख्खं वऱ्हाड. सकाळी नागपूरची बस होती. माझं डोकंच फिरलं. तिला नाही नाही ते बोललो.

माय शांतपणे हात धूत होती. "कोऱ्या भिंतीचं घर सुतकातलं राह्यते, बाबू. तुह्या घराले मी तसं काऊन ठेवू?"

खरवडून पाहिलं तर गेरूबरोबर मातीही निघाली आणि पुठ्ठा उघडा पडला. तसाच नमुना मांडीवर घेऊन, तोंड फुगवून, मी नागपूर गाठलं.

"हे बैल कोणी काढले?" परीक्षकांनी विचारलं. 'मीच' असं म्हणालो असतो तरी खपून गेलं असतं.

"माझ्या आईनं. मला न विचारता."

"मग तुम्ही काय केलंत?"

"ओरडलो."

ते खूप वेळ हसले. "एवढी मोठी बिनखिडकीची भिंत," ते म्हणाले, "रस्त्यावरच्या माणसानं पाहायचं तरी काय? हे आईंना कळलं. तुम्हाला का नाही सुचलं?"

पुढे नकाशातल्या जिन्यावरून त्यांनी माझी आणखी खरडपट्टी काढली, पण छताचा उजेड त्यांना पटला होता. मी पास झालो. नमुना त्यांनी तिथेच ठेवून घेतला.

घरी येऊन मायला सगळं सांगितलं. तिला तसं बोलल्याची मला लाज वाटत होती, तेही सांगून टाकलं. तिचं त्याकडे लक्षच नव्हतं.

"ठेवून घेतलं त्यायनं?" ती काळजीनं म्हणाली. "मंग दिवाळीले तिथी पोताराले कोण जाईन?"

दिवाळीच्या आठ दिवस आधी, पांढऱ्या मातीचा डबा घेऊन, आम्ही दोघं नागपूरच्या बसमध्ये बसलो.