न दुखणारा गुडघा

...आणि त्या न्हाव्याच्या जावयाचं तर सांगायचंच राहिलं की. लिही, लिही. हात दुखला तर सांग, मी थांबते. माझं तोंड काही दुखत नाही.

आपल्या जुन्या घराच्या शेजारीच राहायचे ते. खाली न्हाव्याचं दुकान, वर दोन खोल्या. न्हावी, त्याची बायको, एकुलती एक मुलगी आणि हा घरजावई. त्यांचं दार आमच्या दाराला लागून. तिकडे फोडणी पडली की ठसका इकडे लागायचा, म्हणून मला सगळं ठाऊक. उरलंसुरलं त्या मुलीनं सांगितलं, गच्चीवर कपडे वाळत घालताना.

जावई फुटबॉल खेळायचा, मोठ्या क्लबात. गोलात उभा राहायचा. इतका उंच, की सगळे त्याला खांबच म्हणायचे. सासऱ्याला त्याचा कोण अभिमान. दुकानातल्या मोठ्या आरशाच्या वर त्याचा बनियन, ते काय म्हणतात ते, जर्सी, खिळ्याला टांगलेली. दाढी करून घ्यायला मान वर केली की गिऱ्हाइकाला आधी ती दिसायची.

पण बघ, मन एकदा चरकलं की हातही ऐकत नाहीत. एका सामन्यात चेंडू त्याच्या दोन पायांमधून गेला. जातो, कुणाच्याही जातो. पण मग तो सारखाच जायला लागला. पुढे यायचं तिथे हा मागे राहायचा, मागे राहायचं तिथे पुढे पळायचा. आणि मॅनेजर होता फटकळ. कपडे बदलायच्या खोलीत, सगळे बूट काढत बसलेले असताना म्हणाला, "गोलला दोन खांब असतात. मला तिसरा नकोय. उद्यापासून येऊ नकोस." एकदोघं हसले. त्यातला एक तर त्याच्या लग्नात पोट फुटेस्तोवर जेवलेला.

हा बसनं घरी आला. तोंड कसं, धुऊन पिळलेल्या फडक्यासारखं. जिन्यात सासू भेटली. तिनं ते तोंड बघितलं आणि घाबरून विचारलं, "काय झालं जावईबापू? लागलं का कुठे?"

आता बघ, खोटं बोलायचं त्याच्या मनातही नव्हतं. तिनंच सबबीचं दार उघडून दिलं आणि हा आत शिरला. म्हणाला, "हो. गुडघा."

झालं. त्या एका शब्दानं त्याला पलंगावर बसवलं.

सासू गरम तेलाची वाटी घेऊन खाली फरशीवर बसायची आणि त्याचा गुडघा चोळायची. तिचे स्वतःचे गुडघे असे, की उठताना खाटेला धरून "आई गं" म्हणायची. हा म्हणायचा, "राहू द्या हो आई." ती म्हणायची, "तुम्ही गप्प बसा. पोटच्या पोराचं केलंच असतं ना मी?" हा छताकडे बघायचा. धडधाकट पाय, आणि म्हातारी त्याच्यापुढे वाकलेली. धरणी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं, असं व्हायचं त्याला. बायकोलाही सांगितलं नाही. ती खोक्यांच्या कारखान्यातून दमून यायची आणि आल्या आल्या विचारायची, "उतरली का सूज?" आता नसलेली सूज उतरणार कुठून.

लंगडणं तर आलंच. एकटा असला की सरळ चालायचा आणि पाऊल वाजलं की लंगडायचा. आपल्याच घरात चोरासारखा.

खाली दुकानात तर नुसती जत्रा. जो येईल तो औषध सांगायचा. कुणी म्हणे पाला बांधा, कुणी म्हणे बर्फ लावा, कुणी म्हणे दोन्ही. सासरा वस्तरा पुसत म्हणायचा, "आमचा जावई पडला तो क्लबासाठी पडला. पण एक माणूस विचारपूस करायला आला नाही. माणसं आहेत की दगड?"

एक दिवस दुकानात बेकरीच्या गाडीचा ड्रायव्हर आला. पाव पोचवायची गाडी चालवायचा आणि बेकरीच्या संघाला खेळ शिकवायचा. लहानसा संघ, खालच्या गटातला. खांब तिथेच बाकावर बसलेला, गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी. ड्रायव्हर तोंडाला साबण लावलेला तसाच बोलला, "आमचा गोलकीपर गाव सोडून गेला. गुडघा बरा असता ना तुमचा, तर रविवारी हाताला धरून नेलं असतं."

खांबाच्या मनात आलं, देव देतोय आणि आपण दोन्ही हातांनी पिशवी धरून बसलोय. एवढंच म्हणायचं होतं, की बरा आहे. पण यानं पिशवीच नीट केली. वर सासराच बोलला, "तुमच्या पावाच्या संघात कशाला? गुडघा बरा झाला की आमचे जावई मोठ्या क्लबातच जाणार."

"बघतो मग दुसरा कुणी मिळतो का," म्हणाला ड्रायव्हर, आणि तोंड पुसून गेला.

त्या दिवशी खांब जेवला नाही. सासूला वाटलं, दुखणं वाढलं. तेल आणखी गरम केलं.

मग एका दुपारी न्हाव्यानं दुकान मध्येच बंद केलं. लग्नाकार्यातला इस्त्रीचा सदरा घातला, केसाला पाणी लावलं, आणि जिन्याखालून हाक मारून बायकोला सांगितलं, "क्लबात जाऊन येतो. त्या मॅनेजरला विचारतो, माणसाचा गुडघा जातो आणि तुम्हाला लाज कशी वाटत नाही."

खांबानं वरून ऐकलं. डोळ्यांपुढे उभं राहिलं सगळं. म्हातारा तिथे बोट नाचवून भांडणार, मॅनेजर म्हणणार, "कसला गुडघा?" आणि ते सगळे पुन्हा हसणार. या वेळी म्हाताऱ्याला.

आणि तो पळाला गं. चटकन उठला, दोन-दोन पायऱ्या गाळत जिना उतरला आणि भर रस्त्यातून असा सुसाट पळाला, की भाजीवालीनं टोपली मागे ओढली. मी दारातच होते. त्याची सासू खिडकीत होती, हातात तेलाची वाटी. ज्या गुडघ्याला घडी पडत नव्हती, तो हरणासारखा उड्या मारत चाललेला. तिनं वाटी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली, फार जपून, जणू भरलेला रांजण होता.

बस थांब्यावर त्यानं सासऱ्याला गाठलं. "बाबा, जाऊ नका. गुडघ्याला काही झालं नाही. मला काढून टाकलंय."

म्हाताऱ्यानं तोंडाकडे बघितलंच नाही. गुडघ्याकडे बघत राहिला. बस आली, थांबली, गेली. मग विचारलं, "कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"बरं," म्हणाला न्हावी. "चल. गिऱ्हाईक येऊन बसलं असेल." बघ, आधी 'चला' होतं, आता 'चल' झालं. दुकानात शिरल्यावर न्हाव्यानं स्टुलावर चढून जर्सी काढली, घडी केली आणि टॉवेलांच्या खाली ठेवली.

घरात कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर सोपं गेलं असतं. सासू ताट वाढायची आणि मुलीला म्हणायची, "विचार तुझ्या नवऱ्याला, भाजी हवी का." तो समोरच बसलेला. बायको रात्री भिंतीकडे तोंड करून एवढंच म्हणाली, "आईनं खाली बसून चोळलं रे."

गल्लीतली पोरंटोरं मागे लागायची, "खांब, आज कुठला पाय?" दुकानात गिऱ्हाइकं न्हाव्याला डिवचायची, "काय, जावयाला पाला लागू पडला म्हणायचं." न्हावी म्हणायचा, "मान हलवू नका, कापेल."

मग खांब बेकरीच्या दारात गेला. ड्रायव्हर गाडीत पाव भरत होता. यानं सगळं सांगितलं, एक अक्षर न गाळता. ड्रायव्हर हातातली पाटी खाली न ठेवताच म्हणाला, "ऐकलंय मी. आख्ख्या गावानं ऐकलंय. मग आता दुखतं काय?"

"अब्रू."

"तिला शेक देत नाहीत. रविवारी ये. अजून कुणी मिळालेला नाही, म्हणून हं."

पहिल्या सामन्यात लोक ओरडले, "गुडघा! गुडघा!" त्याचे कान लाल झाले, पण पाय हलले. मोठ्या क्लबात तो भीत उभा राहायचा, हसतील म्हणून. आता हसून झालेलं होतं. चेंडू घेऊन येणाऱ्याच्या पायात जाऊन सरळ उडी मारायचा. ड्रायव्हर म्हणायचा, "याला आता काही पडायची चिंता नाही, सगळं आधीच पडलंय." बेकरीचा संघ वरच्या गटात गेला. मग लांबच्या शहरातल्या क्लबानं त्याला बोलावलं. जुन्याहूनही मोठा क्लब. बायकोला घेऊन गेला, खूप वर्षं खेळला, नाव झालं.

जुन्या क्लबाशी सामना झाला तेव्हा त्यांना एकही गोल करू दिला नाही. संपल्यावर मॅनेजर हात मिळवायला आला, म्हणाला, "मी चुकलो तुझ्या बाबतीत." आणि मग हळूच, "गुडघा कसा आहे?" त्याच्यापर्यंतही पोचलं होतं ते. लोक खांद्यावर घेत होते आणि हा मान खाली घालून बूट बघत होता. बायको सांगत होती, जिंकलेल्या माणसाचं तोंड असं असतं का.

न्हावी गेला. सासू आहे अजून, मुलगी महिन्याकाठी येते तिला बघायला. जावई येतो, पण वर येत नाही. कोपऱ्यावर गाडीत बसून राहतो. म्हणे, गाडी लावायला जागा नाही. एवढी मोठी गल्ली, आणि जागा नाही. आलाच कधी, तर मागच्या दारानं, अंधार पडल्यावर, फळांची पिशवी ठेवून जातो.

परवा म्हातारी मला म्हणाली, "किती दिवस धरून बसायचं त्यानं? माझा राग तर केव्हाच गेला. पण मी होऊन कशी बोलवू? सासू आहे मी."

तर हे वाचणाऱ्यांपैकी कुणाला तो भेटला, उंच, थोडा वाकून चालणारा, आता पोरांना खेळ शिकवतो, तर त्याला सांगा. मी सांगितलं म्हणू नका, आपलं सहज म्हणून सांगा. सासूबाई विचारत होत्या. पुढच्या जिन्यानं ये, उजेडात ये.