इंटरव्हलमधलं लुगडं

इंटरव्हल झाला, अर्धे दिवे लागले आणि देवाजीभाऊंच्या जाहिरातीसमोरून सगळे पुरुष उठून बाहेर निघाले. कोणाला चहा, कोणाला पान, कोणाला नुसतेच पाय मोकळे करायचे होते. मागे उरलो मी आणि शेजारी दात-ओठ खात बसलेले खुद्द देवाजीभाऊ.

“पाहाले खुर्च्याच राहिल्या ना हो,” ते म्हणाले.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. सीताबर्डीवरच्या एका छोट्या जाहिरात कंपनीत मी ऑर्डरी आणायचं काम करायचो. आमचा मुख्य धंदा स्लाइडचा. स्लाइड म्हणजे तळहातावर मावेल असा काचेचा तुकडा. आमचा पेंटर त्यावर बारीक ब्रशनं जाहिरात रंगवायचा आणि टॉकीजचा ऑपरेटर ती मशीनमध्ये घालून इंटरव्हलला पडद्यावर पाडायचा. दिसली न दिसली, की पुढची. पण तेवढ्यासाठी दुकानदार कॉलर ताठ करून फिरायचे. आज हसू येतं, पण खरं सांगतो, तसली मजा पुढे कुठल्याच नोकरीत आली नाही.

देवाजीभाऊ उमरेडचे, पिढीजात विणकर. घरच्या मागावर लुगडी विणायची आणि इतवारीतल्या एका व्यापाऱ्याला नेऊन द्यायची. तो त्यावर आपला शिक्का मारून विकायचा. याचा देवाजीभाऊंना भारी राग. शेवटी त्यांनी आणि त्यांच्या बायकोनं, सुभद्राबाईनं, इतवारीच्या मागच्या एका बोळात स्वतःचं दुकान टाकलं. व्यापारी बिथरला आणि त्यानं माल घेणंच बंद केलं. इकडे बोळात चिटपाखरू फिरकेना. दिवाळीपर्यंत दुकान चाललं नाही, तर कुलूप लावायचं आणि पुन्हा त्याच व्यापाऱ्याच्या पायरीवर जाऊन बसायचं, असं दोघांनी मनावर दगड ठेवून ठरवलं होतं.

स्लाइड घ्या म्हणून मीच त्यांच्या मागे लागलो होतो. पेंटरनं चित्र झकास काढलं. हिरवं लुगडं, लाल काठ. वाद झाला तो अक्षरांवरून. मी म्हटलं, भाऊ, नाव जरा आवरा, पत्ता मोठा घेऊ, बोळ सापडला पाहिजे लोकांना. ते काही ऐकेनात.

“इतके वर्स त्याचा शिक्का होता. आता माहं नाव दिसू द्या.”

नाव पडदाभर आलं आणि पत्ता खाली मुंग्यांच्या रांगेसारखा. माझे साहेब म्हणाले, गिऱ्हाइकाची मर्जी, तू गप बस.

पहिल्या दिवशी आम्ही तिघं दुपारच्या शोला गेलो. सुभद्राबाई बायकांच्या बाजूला बसल्या. पडद्यावर आपलं नाव लागणार म्हणून त्या चित्रातलंच हिरवं लुगडं नेसून आल्या होत्या. आणि इंटरव्हलला हे असं झालं.

देवाजीभाऊ उठले. उद्याच कुलूप लावतो म्हणाले. सुभद्राबाईंना बोलवावं म्हणून मी बायकांच्या बाजूला गेलो, तर तिकडे कोणी हललंसुद्धा नव्हतं. मांडीवर पोरं, उघडे डबे, पाण्याचे फिरकीचे तांबे. बायका इंटरव्हलला बाहेर जातच नसत. इतके दिवस स्लाइडी विकून हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं, बोला! पडद्यावरचं लुगडं पाहून त्या आता सुभद्राबाईंच्या अंगावरचं पाहत होत्या. भोवती चांगलं कोंडाळं झालं होतं.

“दिसते चांगलं, पण रंग जाते का वं?” एकीनं विचारलं.

प्रश्न बरोबर होता. लाल काठाचा रंग पहिल्या धुण्यात उतरला की अख्खं लुगडं बाद. सुभद्राबाईंनी तिचाच तांब्या घेतला, पदराचा काठ भिजवला आणि तिच्या हातात दिला.

“पिळा. जात असन तर तुमच्याच हातावर दिसन.”

तिनं पिळला. स्वच्छ पाणी गळलं. मग दुसरीनं पिळून पाहिला, तिसरीनं पाहिला. दुकान कुठे, बोळात कुठून वळायचं, हे सुभद्राबाई हातवारे करून सांगत होत्या, तोवर सिनेमा सुरू झाला आणि पान चघळत परतलेले पुरुष मागून ओरडू लागले की बसा खाली. लांबून हे पाहत उभे राहिलेले देवाजीभाऊही बसले. पुढचा सिनेमा त्यांना दिसला की नाही, देव जाणे. माझा जीव मात्र भांड्यात पडला होता.

दुसऱ्या दिवसापासून बायका विचारत विचारत बोळात येऊ लागल्या. आल्या की आधी पाणी मागायच्या. शेवटी देवाजीभाऊंनी दाराशी बादलीच ठेवली. दिवाळीत दुकानात उभं राहायला जागा नव्हती. व्यापाऱ्याची ती पायरी सुटली ती सुटलीच.

साहेब म्हणायचे, आमच्या स्लाइडनं झालं. देवाजीभाऊ म्हणायचे, बायकोनं झालं. मी सुभद्राबाईंनाच विचारलं.

“स्लाइड नसती तर त्या माह्याकडे काहून पाहत होत्या? अन् मी नसती तर बोळात कोण आलं असतं?”

आता दोघंही नाहीत. टॉकीजही पाडली. परवा त्यांच्या नातवाचा फोन आला. दुकान आता तोच पाहतो. त्याचा बराच माल एका मोठ्या कंपनीच्या साइटवरून जातो, अन् डब्यावर नाव कंपनीचं.

“आजोबा, एवढ्याशा दुकानाले सोताची वेबसाइट लागते काय?”

काढ म्हटलं. नाव टाक, पत्ता मात्र मोठा टाक. पण रंग जातो का, असं बाईनं विचारलं तर काय करशील? व्हिडिओ टाकतो म्हणाला. टाक ना, मी म्हटलं, पण पिळायला पदर तिच्या हातात कसा देशील?

“आधी काठाचा तुकडा पाठवतो मंग. भिजवून पाहा म्हणन.”

पोरगा आजीवर गेलाय. दुकान चालेल.