सुनावणीत न घेतलेलं नाव

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. बायकोला अर्धी गोष्ट ठाऊक होती. उरलेली अर्धी ती जाईपर्यंत मी तिलाही सांगितली नाही.

माझ्या मित्राची मुलगी अमेरिकेत, वॉशिंग्टनजवळच्या हर्नडनला, आमच्या घरापासून जवळच राहायची. एका सरकारी खात्यातल्या मोठ्या पदासाठी तिचं नाव राष्ट्राध्यक्षांनी सुचवलं. आम्ही लगेच पेढे आणले. ती म्हणाली, "काका, थांबा यार! सिनेटची मान्यता यायचीय अजून."

"अगं, त्या नुसत्या अक्षता. लग्न ठरलेलंच असतं," मी म्हटलं.

अशा उमेदवारांची आधी कसून चौकशी होते. एक अधिकारी माझ्याकडेही आला. मी चहा केला, चिवडा ठेवला. आपल्याकडे मुलीची चौकशी करायला कोणी आलं, की विचारल्यापेक्षा चार गुण जास्त सांगायची सवय. मी स्थळाला सांगावं तसा सांगत सुटलो. किती हुशार, किती मायाळू. तिला जुळी झाली तेव्हा तिची आई हयात नव्हती. बाळंतपणाला भारतातून एक बाई आल्या, कितीतरी महिने राहिल्या. हिने त्यांना दर महिन्याला पैसे दिले, वर त्यांच्या मुलाची फीसुद्धा भरली.

त्याने मान वर केली. "कोण होत्या त्या?"

तेव्हा कुठे मला कळलं, मी काय बोलून बसलो. पाहुणी म्हणून आलेल्या बाईला पगार देणं इथे बेकायदा. आणि त्या बाईंना मीच आणलं होतं. नागपूरला बाळंतपणं करून पोट भरणाऱ्या बाई. व्हिसासाठी मी त्यांना माझी मेहुणी म्हणून दाखवलं होतं. मित्राच्या मुलीलाही तेच सांगितलं होतं. "घरचीच आहे, काळजी करू नकोस. महिन्याला हातावर काहीतरी ठेवत जा."

मी अधिकाऱ्याला म्हणालो, "तिच्याच नात्यातल्या असाव्यात."

पुढच्या आठवड्यात तिचा फोन आला. आवाज शांत होता. "काका, सिनेटची समिती बाळंतपणाच्या त्या मावशींबद्दल विचारतेय. त्या तुमच्या मेहुणी, तुम्हीच पाठवलंत, एवढं माझ्या वकिलांना सांगाल का? प्लीज."

सांगितलं असतं तर मेहुणी कुठली, हा प्रश्न आलाच असता. या वयात नागरिकत्वावर गदा येईल, या विचाराने मी घाबरलो. मी म्हटलं, "अगं, इतकी वर्षं झाली. मला काही नीट आठवत नाही."

ती म्हणाली, "ओके काका. गुडघा कसाय?"

सुनावणी मी टीव्हीवर पाहिली. एका सिनेटरने तिला दोनदा विचारलं, त्या बाईंना तुमच्याकडे कोणी पाठवलं? मी खुर्चीचे हात घट्ट धरून बसलो होतो. ती म्हणाली, "घर माझं होतं. पैसे मी दिले. चौकशी करायची जबाबदारी माझीच होती."

मतदानाआधीच तिने नाव मागे घेतलं. इथल्या मराठी मंडळात लोक म्हणायचे, "एवढी शिकलेली, आणि एवढंसं कळू नये?" मी मान हलवायचो. हो, मीसुद्धा.

मागच्या दिवाळीत ती फराळ घेऊन आली. जुळी आता कॉलेजात जातात म्हणाली. चकली कडक झालीय, चहात बुडवून खा, म्हणाली. निघताना तिने वाकून नमस्कार केला. तिच्या डोक्यावर ठेवलेला माझा हात थरथरत होता. बोलायचं होतं. ओठांपर्यंत आलंही होतं.

"थंडी वाजतेय का काका?" तिने विचारलं.

मी हो म्हणालो. तिने दार ओढून घेतलं, गाडी सुरू केली. गाडी वळून दिसेनाशी झाल्यावर मी बंद दाराला म्हणालो, "पोरी, खोटं मी बोललो होतो. मला क्षमा कर."