माणसं सुकऱ्याची, झाडं जानीची

बोईसरला फ्रेमचं दुकान असलं की किस्से आपोआप साठतात. काच कापून होईपर्यंत गिऱ्हाईक उभं राहून बडबडतं. मग फ्रेम घेऊन जातं आणि बडबड इथंच टाकून जातं. ती भंगारवालापण नेत नाही. मी चौथी शिकलेला माणूस, गोड लिहायला येत नाही. सुकऱ्या गेल्यापासून लोक त्याच्याबद्दल विचारतात, म्हणून त्याचेच सांगतो.

सुकऱ्या मनोरच्या पलीकडच्या पाड्यावरचा वारली चित्रकार. मांजरपाटाला शेण लावायचा, वाळला की त्यावर पांढऱ्या रंगानं चित्र काढायचा. फ्रेम माझी. जन्मभर भांडलो आम्ही.

*

एका कंपनीच्या ऑफिसात त्याचं मोठं चित्र लावलं होतं. मधे तारपा वाजवणारा, भोवती गोल नाचणारी माणसं. मी बघतो तर चित्र उलटं टांगलेलं! मॅनेजरवर खेकसलो. सुकऱ्या मान वाकडी करून बराच वेळ बघत राहिला.

"असू दे रे," म्हणाला. "गोल नाचतात. कोण ना कोण सरळ असंलच."

*

मग मुंबईची एक मॅडम आली. चित्रकार मेल्यावर त्याच्या कामाचं काय करायचं, ते आधीच ठरवून देणं हा तिचा धंदा. असलाही धंदा असतो, मला काय माहीत. बाई वाईट नव्हती. पाड्यावर खाली बसून चहा प्यायली आणि म्हणाली, "सुकऱ्याभाऊ, तुमच्या पश्चात कोण?"

"जानी," सुकऱ्या म्हणाला. जानी म्हणजे त्याची बायको. चुलीपाशीच बसली होती.

"आणि चित्रं?"

"ती विकली."

"मूळ चित्रं तरी जपायची होती."

"जपायची असती तं विकली कशाला असती?"

*

मॅडमला त्याचं पहिलं चित्र बघायचं होतं. कुठलं दाखवणार? लग्नाचा चौक भिंतीवर काढतात, तांदळाच्या पिठानं. तोही बायका काढतात. जानीनं दिराच्या लग्नात काढला, तेव्हा तिच्या शेजारी बसून ह्यानं पहिल्यांदा हात चालवलेला.

"कुठाय ती भिंत?" मॅडम उठून उभीच राहिली.

"हीच. लगीन झालं, सारवली," जानी म्हणाली.

मॅडमचं तोंड उतरलं. जानीला तिची दया आली असावी. म्हणाली, "मंग काय, बाय, जन्मभर लगीनच चालू ठेवायचं?"

*

मॅडमनं मग चित्रांचे फोटो समोर मांडले. यातली तुमची कुठली, ते वेगळं काढा म्हणाली.

"माणसं माझी, झाडं तिची," सुकऱ्या म्हणाला.

"कुठल्या चित्रात?"

"सगळ्यात."

"मग सही एकट्याची का?"

"तिला लिवता येत नाय. मनापण नावापुरतंच येतं."

मॅडमनं फोटो गोळा केले. ती अडाणी नव्हती, तिला कळलं. परत तो विषय काढला नाही.

*

पुढं त्याचं दुखणं वाढलं. पालघरच्या डॉक्टरनं घरी न्या म्हणून सांगितलं. मला निरोप आला, गेलो. हा भिंतीला टेकून बसलेला, मांडीवर शेण लावलेलं कापड. कोपऱ्यात सही करायचा आणि कापड बाजूला ठेवायचा. मग दुसरं घ्यायचा. सगळी कापडं कोरी.

"गाढवा," मी म्हटलं, "सही केलीस, चित्र कुठाय?"

"चित्र ती काढील."

"मग तूच का मरतोस सह्या करत?"

"तेवढीच तिला येत नाय."

मी बाहेर जाऊन बिडी पेटवली. ओढली नाही. भातकापणीच्या आधी तो गेला.

*

दिवसकार्य झालं. मी जानीला म्हटलं, "वहिनी, काढ आता. त्यानं तुझी सोय करून ठेवलीय."

तिनं एक कापड पुढ्यात घेतलं. झाड काढलं, पानं अशी की वारा सुटल्यागत. झाडाखाली सगळी जागा मोकळी. रंगाची काडी हातात धरून बसून राहिली.

"झाडच राहू दे," मी म्हटलं. "झाडंपण विकत घेतात लोक."

"कोणासाठी उभं ऱ्हायचं त्यानं?" असं म्हणून तिनं काडी खाली ठेवली. परत काही उचलली नाही.

*

मॅडम भेटायला आली. कोरी कापडं बघून घाबरली. म्हणाली, उद्या कुणीही यावर काहीही काढील आणि सुकऱ्याचं म्हणून विकील. त्याच्या खऱ्या चित्रांवरपण कुणी विश्वास ठेवणार नाही. तिचं खोटं नव्हतं. हळूच म्हणाली, "जानीताई, ही जाळून टाका."

जानीनं कापडांची चळत मांडीवर ओढून घेतली.

"एकदा जाळलाय त्याला," म्हणाली. "परत नाय जाळणार."

मॅडम रडली. मी तिला गाडीपर्यंत सोडलं.

*

होळीनंतर पाड्यावर गेलो. जानी अंगणात कापडं वाळत घालत होती. पांढरीफेक. नदीवर नेऊन आपटून धुतलेली, शेणाचा मागमूस नाही.

माझं डोकं फिरलं. "सह्या धुतल्यास, वहिनी?"

"पक्का रंग हाय, दादा. जात नाय."

मी कापड उन्हाकडे धरलं. पांढऱ्यावर पांढरं, त्यात माझा मोतीबिंदू. काही दिसेना. तिनं कापड माझ्या हातातून काढून घेतलं, झटकलं, दोरीवर नीट पसरलं.

"पांघरते मी आता," म्हणाली. "दिसत नाय. हाताला लागतं."