न वाजलेली खूण

लोहारसाळेत काम चालू असताना कुणी बोलत नसे. तिथे हातोडी बोलायची. थोरला सांडशीत लाल लोखंड धरी, हातोडीने जागा दाखवी, धाकटा तिथे घण घाली. हातोडी रिकाम्या ऐरणीवर वाजली, की घण जिथल्या तिथे थांबे. बापाने दोघांना शिकवलेली ही एकच भाषा.

एके दिवशी सांडशी निसटली. ती सावरायला थोरल्याने डावा हात ऐरणीवर घातला आणि घण त्या हातावर उतरला. बोटांचा चेंदामेंदा झाला.

"दादा, मला खूण ऐकूच आली नाही रे!" धाकटा ऊर बडवून रडला.

खूण थोरल्याने दिलीच नव्हती. आधी तो वेदनेने गप्प राहिला, मग गप्पच राहिला. लोक म्हणाले, "काळीज बघा! हात गेला, तरी भावाला माफ केलं." ती वाहवा त्याच्या घशात हाडकासारखी रुतली.

धाकट्याने घण टाकला. हमाली धरली, मग बाटली. आता तो बाजारामागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडला होता. वहिनीचा डबा तसाच परत आला.

"भाऊजी अन्नाला शिवत नाहीत," ती नवऱ्याला म्हणाली. "जाणार आहात, की लोकांची वाहवाच चाटत बसणार?"

थोरला गेला. खाटेशेजारी बसून म्हणाला, "मी खूण दिलीच नव्हती."

"मरणाऱ्याला गूळ चाटवू नकोस, दादा. खुणेला न थांबणारा हात कसायाचा."

थोरला हताश झाला. इतकं शिळं झालेलं खरं आता खोट्यासारखं लागत होतं.

धाकट्याने कूस वळवून पाण्याचा तांब्या उचलला. थोरल्याने कमरेची हातोडी काढून खिडकीच्या गजावर वाजवली. तांब्या ओठांपाशी थांबला. धाकटा स्वतःच्या हाताकडे बघतच राहिला.

"तेव्हाही थांबला असता," थोरला म्हणाला.

तांब्या थोरल्याच्या कपाळावर आदळला.

"भावाचा हात मोडलास म्हणत आई माझ्या हातचं पाणी न घेता गेली रे! तुला तोंड नव्हतं?"

"होतं."

"जा इथून!"

थोरला हलला नाही. माफीचा शब्द जिभेवर येईना. तो त्याने फार दिवस फुकट मिरवला होता. त्याने तांब्या उचलला, भरला, उशाशी ठेवला. धाकट्याने त्याला हात लावला नाही. पण भिंतीकडेही वळला नाही. निखाऱ्यासारखे डोळे भावावर रोखून पडून राहिला. आणि थोरला त्या नजरेपुढे, ठेचलेला हात प्रथमच उपरण्याबाहेर काढून, बसून राहिला.