होळीची राख आणि काकडीचं बी

होळी पेटल्याशिवाय भाजीचं बी मातीत जाणार नाही, हा माझ्या सासरचा कायदा होता. इतकी वर्षं झाली, सासू गेली, ती भाजीची वाडीही राहिली नाही, तरी त्या कायद्याची आठवण झाली की माझं डोकं तापतं.

कायदा खोटा होता असं मी म्हणत नाही. आमच्याकडे तापीकाठी माघ-फाल्गुनातल्या हवेचा काही भरवसा नसायचा. दुपारी अंग भाजेल असं ऊन, आणि रात्री सातपुड्याकडून असा गार वारा यायचा की गोधडी पुरत नसे. मध्येच आभाळ भरून यायचं, एखाद्या वर्षी गारा पडायच्या. काकडी, गिलकी, दोडकी यांचं बी अशा थंडीत कुजून जातं. म्हणून सासू होळीपर्यंत थांबायची. गावातल्या बायकाही थांबायच्या.

पण होळीनंतर लावलेल्या वेलांना काकड्या लागायच्या नेमक्या आखाजीला. आणि आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्या खानदेशातल्या लेकीबाळींचा सण. भाऊ गाडी घेऊन न्यायला येतो, लेक माहेरी जाते, निंबाला झोका बांधते, गौराईची गाणी म्हणते. वर्षभर कामाला जुंपलेल्या बाईच्या वाट्याला तेवढेच काय ते दिवस. माझं माहेर धानोऱ्याकडचं, बैलगाडीनं सकाळी निघालं तर दिवस मावळायच्या आत पोचावं इतकंच लांब. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला भाऊ आला, तेव्हा सासू म्हणाली, "ही चालनी जाई तं येलस्ले पानी कोन घाली?" विहिरीतून पाणी शेंदून वाडीला घालायचं काम माझं होतं. भाऊ रिकामी गाडी घेऊन परत गेला.

दुसऱ्या वर्षी मी ठरवलं, की वेल लवकर आणायचे, म्हणजे आखाजीपर्यंत त्यांचा बहर ओसरेल. माझी माय पळसाच्या पानांचे द्रोण करून त्यात खत-माती भरायची आणि त्यात बी लावायची. रात्री द्रोण चुलीजवळ, दिवसा उन्हात. बी तिनंच एका येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठवलं आणि मी माघातच तसे द्रोण लावले. सासू रोज टोमणे मारायची. पाळण्यात रोपं जोजवते म्हणायची. मी ऐकून घेत होते. होळी झाली त्या आठवड्यात, गावातल्या बायका बी टोचत होत्या तेव्हा, माझी रोपं हातभर होऊन वाडीत लागलीही होती. एका संध्याकाळी गारा आल्या, तर घरातल्या सगळ्या टोपल्या मी वाडीत नेऊन रोपांवर पालथ्या घातल्या आणि स्वतः डोक्यावर सूप धरून उभी राहिले.

चैत्रातच काकड्या लागल्या. गावात कोणाकडे नव्हत्या. सासूनं माझं कौतुक केलं, लग्नानंतर पहिल्यांदाच. शेजारणींना बोलावून वाडी दाखवली. मी मनात खूश, की आता कोण अडवतं.

मूर्ख होते मी. काकडी जितकी तोडाल तितकी येते, पाणी मिळतंय तोवर वेल थांबत नाही, हे मला मायच्या वाडीत दिसत नव्हतं का? आखाजीला वेल नुसते लगडले होते. भाऊ पुन्हा गाडी घेऊन आला. सासू त्याच्यासमोर गोड आवाजात म्हणाली, "इतला माल लागेल शे, आते कशी धाडू मी हिले?" आणि टोपलीभर काकड्या गाडीत ठेवून वर म्हणाली, "बहिनना हातन्या शेतस, तुन्ही मायले दी दे."

मला न्यायला आलेल्या गाडीतून माझ्या काकड्या माहेरी गेल्या. नवरा ओट्यावर बसून बैलांच्या घुंगरमाळा दुरुस्त करत होता, त्यानं मान वर केली नाही. त्याचा राग मला सासूपेक्षा जास्त आला आणि अजून आहे.

त्याच दिवशी माझी नणंद आखाजीसाठी माहेरी आली, सुरतेकडून आगगाडीनं. आमच्याच निंबाला तिच्यासाठी झोका बांधला. ती झोक्यावर बसून माझ्या काकड्या खायची आणि मी समोर विहिरीवर पाणी शेंदायचे. तिचा काही दोष नव्हता. पण तेव्हा ती मला डोळ्यांसमोर नको होती.

तिसऱ्या वर्षी मी द्रोणांचं नाव काढलं नाही. मायकडचं बी संपलं म्हणून सांगितलं. होळीच्या दुसऱ्या सकाळी सासू म्हणाली, होळीची राख आण आणि बियांच्या मडक्यात घाल, किडा लागत नाही. दरवर्षीची रीत होती. मी घमेलं घेऊन गेले, वरची निवलेली राख बाजूला सारली आणि खालची काढली, निखाऱ्यांसकट. मडक्यात ओतली, वर झाकण ठेवलं. राख घाल म्हणाली होती, मी घातली.

सासूनं आपल्या हातानं बी टोचलं. मी रोज पाणी घातलं. एक कोंब वर आला नाही. योगायोगानं त्याच दिवसांत दोन-तीनदा आभाळ आलं, थोडे शिंतोडेही पडले. शेजारणींचे वेल उगवले होते, तरी सासू आभाळाकडे बघून म्हणाली, "हवाच बिघडी गई. काय करवो आते." आखाजीला भाऊ आला तेव्हा तिच्याजवळ मला अडवायला काही उरलं नव्हतं. "आठे बशीसन काय करशी?" ती म्हणाली. "जाय."

मी गेले. झोक्यावर बसले, घसा बसेपर्यंत गाणी म्हटली. मायनं विचारलं, "यंदा त्यास्नी तुले कशी काय धाडी?" मी म्हटलं, "हवा बिघडनी." तिनं झोक्याला जोरात ढकललं.

पुढच्या होळीला राख आणायला सासू स्वतः गेली. ती तिनं अंगणात पसरली, हात घालून घालून थंड झाली का ते पाहिलं, मगच मडक्यात घातली. मी शेजारी उभी होते. वेल वेळेवर लागले. आखाजीला भाऊ आला आणि काकड्या घेऊन गेला.