मधूची पेटी घुमते तेव्हा

मधू गेल्याचा फोन आला तेव्हा मी आंजी गावात एका लग्नाच्या मांडवात माइकवर ‘हॅलो, हॅलो’ करत होतो. पलीकडून त्याचा मेहुणा म्हणाला, “भाऊ, गिटार मांडीवरच होती...” अंगावर पाल पडावी तसा मी माइक हातातून टाकून दिला.

आम्ही दोघं एकाच ऑर्केस्ट्रातले. मी गायचो, तो गिटार वाजवायचा. पुलगावच्या त्याच्या घरी मागच्या खोलीत गिटारचा अँप्लिफायर होता आणि त्यानंच प्लायवूड कापून बनवलेली स्पीकरची पेटी. एकदा ओल्या मैदानातल्या कार्यक्रमात गिटार हातात असताना त्याचे ओठ माइकला लागले, करंट बसला आणि गडी स्टेजवरून खाली फेकला गेला. तेव्हापासून गिटार मांडीवर असली की तो स्विचला शिवायचा नाही. बोर्ड दाराबाहेर. आतून हाक यायची, “दाब वो!” मग शीलावैनी कणकेचे हात पुसत यायच्या आणि बटण दाबायच्या. “बायकोशिवाय तुझा सूरच लागत नाही लेका,” असं आम्ही चिडवायचो. पेटीतून भलतासलता आवाज आला की मी दोन पावलं मागे सरकायचो. तो हसायचा. “भेतं काऊन बे? एकेक काढत जा. जे काढल्यावर आवाज थांबला, तोच चोर.”

डॉक्टरांनी हृदयविकार सांगितला. पण मोहल्ल्याचं तोंड कोण धरणार? करंट लागला म्हणे... तेरवीनंतर वैनींनी मला बोलावून घेतलं. सकाळी त्यांनी धीर करून स्विच दाबला होता आणि लगेच बंद करून खोलीला कडी घातली होती. “पेटी घुमून राह्यली भाऊ, अन् वरचा त्याह्यचा फोटो थरथरून राह्यला.” मग पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, “त्या दिवशीबी स्विच मीच दाबला होता. मीच मारलं काय त्याह्यले?”

मी मुळात भित्रा, हे आमच्या अख्ख्या ऑर्केस्ट्राला ठाऊक. तरी कडी काढली, स्विच दाबला. घूंऽऽ... मधे खरखर, वर काचेची झणझण. मधूची सवय आठवून टेस्टर आधी प्लगच्या भोकात घालून पाहिला, तो पेटतो ना म्हणून. पेटला. मग अँपच्या पत्र्याला, मग गिटारच्या तारांना लावला. नाही पेटला. आवाजाचं बटण चार वेळा फिरवलं, धूळ होती, खरखर गेली. हार घातलेला फोटो पेटीवरून उचलला, झणझण गेली. उरलं ते घूं. गिटारची वायर उपटली तर तेही थांबलं, जोडली की पुन्हा सुरू. मधू सांगायचा, तारांवर हात ठेव, पेटी गप झाली तर तारा अर्थिंगला बरोबर जोडल्या आहेत. पण हात काही पुढे जाईना. याच तारांवर त्याचा हात होता शेवटी. टेस्टर काहीही सांगो, मला घाम फुटला होता.

“उद्या मिस्त्रीले बोलावू, वैनी,” मी म्हणालो.

त्यांनी मला बाजूला सारलं आणि सगळा पंजा तारांवर ठेवला. मी ओरडलोच, “वैनी!”

घूं थांबलं. त्यांनी हात उचलला, पेटी घुमली. ठेवला, गप्प झाली.

“करंट नाई ना, भाऊ?”

“नाई.”

“म्हणजे मी नाई मारलं.”

“नाई वैनी, तुम्ही नाई.” मग त्या खाटेवर बसून मोठ्यानं रडल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. मीही रडलो, लाजायचं काय त्यात!

आता पुलगावला गेलो की चहाच्या आधी वैनी त्या खोलीत जातात. गिटार मांडीवर घेतात. वाजवता येत नाही, नुसत्या बसतात. मी दाराबाहेर बोर्डापाशी उभा. आतून हाक येते, “दाबा, भाऊ!” दाबतो... घूं सुरू होतं, आणि वैनींचा हात तारांवर पडून ते थांबेपर्यंत मी श्वास रोखून उभा असतो.